मुदत संपलेले स्टेरॉइड वापरावे का?

प्रश्न (लालबाग येथील वाचक) : घरातील दमेकऱ्यासाठी आणलेल्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांची व बीटामेथासोनच्या मलमाची मुदत चार महिन्यांपूर्वी संपली. ती वापरता येतील का?

उत्तर : वापरू नयेत. वेष्टनावर छापलेला महिना संपेपर्यंतच उत्पादक औषधाच्या गुणवत्तेची हमी देतो. त्यानंतर कॉर्टिकोस्टेरॉइड, म्हणजे मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीच्या संप्रेरकासारखे काम करून दाह शमवणारे औषध, लगेच विषारी बनते असे नव्हे, परंतु त्याचा जोर किती उरला हे घरी ओळखता येत नाही. शिवाय ही हमी योग्य साठवणीपुरतीच असते, त्यामुळे चाळीतल्या खोलीत मोरीलगतच्या फळीवर पावसाळाभर दमट हवा खाल्लेल्या गोळ्यांबाबत मुदतीच्या आतही शंका घ्यावी. खरा धोका आहे तो दम्याच्या झटक्यात अशा गोळीवर विसंबून रुग्णालय गाठण्यास उशीर करण्याचा, कारण तो जिवावर बेतू शकतो.

उरलेले मलम नायट्यावर चोळण्याची सवय तर मुदतीच्या आतही घातक आहे. खाज थांबते, पण बुरशी आतल्या आत पसरते, आणि म्हणूनच केंद्र सरकारने 2018 मध्ये अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली.

मात्र जो रुग्ण कित्येक आठवडे रोज गोळ्या घेत आहे, त्याने मुदत संपली म्हणून त्या एकाएकी बंद करू नयेत, कारण त्याची स्वतःची ग्रंथी मंदावलेली असते; त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांकडून किंवा परळच्या केईएम रुग्णालयातून नवी चिठ्ठी घ्यावी.