काट्यावर घालून बघ, भाचेबुवा

भाचेबुवा,

परवा रात्री तू फोनवर दम न खाता बोलत होतास. नव्या मॉडेलचं बुकिंग उघडलंय, डिझेल, क्रू कॅब, आठ फुटी बेड, आणि डीलर म्हणतोय आज पाचशे डॉलर ठेवले तर पहिल्या लॉटमध्ये नंबर लागेल. मी मध्येच विचारलं, "पेलोड किती?" तर म्हणालास, "ते अजून जाहीर नाही केलं मामा, पण आधीच्यापेक्षा जास्तच असणार ना?" त्या ‘ना’पायी हे लिहायला बसलोय. तुझी आई म्हणते, तू ऐकत नाहीस पण लिहिलेलं वाचतोस.

बुकिंग करूच नकोस असं माझं म्हणणं नाही. इथल्या हेवी ड्यूटी पिकअपचा रिवाजच तसा आहे. २०२३ ची फोर्ड सुपर ड्यूटी कंपनीनं २०२२ च्या सप्टेंबरअखेर लुईव्हिलला दाखवली, लगेच पुढच्या महिन्यात ऑर्डरी सुरू झाल्या, आणि डिझेल इंजिनाची अश्वशक्ती, टॉर्क, किती ओढेल हे सगळं मागाहून आलं. तोवर लोक रंग आणि सीटचं कातडं ठरवून मोकळे झाले होते. आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? १९७२ ला चेतक बाजारात आली आणि पुढे कित्येक वर्षं लोक नंबर लावून बसायचे. तुझ्या थोरल्या मामानं नोकरी लागल्याबरोबर नंबर लावला. स्कूटर दारात आली तेव्हा तो दोन पोरांचा बाप झाला होता. स्पेसिफिकेशन हा शब्दही कुणी उच्चारला नाही. पण चेतकवर पुढ्यात सिलिंडर घेऊन चौघं बसले तरी भागायचं. तुझ्या ट्रकच्या मागे सहा-सात टनांचं चाकांवरचं घर असणार आहे.

म्हणून पहिलं काम ट्रकचं नाही, ट्रेलरचं. माझे वडील, म्हणजे तुझे आजोबा, उसाची गाडी कारखान्यावर नेण्याआधी बाजारपेठेतल्या खासगी काट्यावर घालायचे. आधी भरगाडी, आणि परतताना रिकामी गाडीसुद्धा. दोन्ही पावत्या पागोट्यात खोचून ठेवायचे. कारखान्याचा काटा काय बोलेल ते बोलेल, आपल्या गाडीत काय आहे ते आपल्याला ठाऊक हवं, एवढंच त्यांचं शास्त्र. मी इंजिनियर होऊन अमेरिकेला आलो आणि नेमकं तेच विसरलो.

विसरलो ते असं. रिटायर झाल्यावर मी आणि तुझ्या मामीनं फिफ्थ व्हील ट्रेलर घेतला, म्हणजे ज्याची पिन ट्रकच्या बेडमधल्या हिचवर टेकते तो, आणि तो ओढायला पाऊण टनी डिझेल ट्रक ऑर्डर केला. ब्रोशर यायचं होतं. सेल्समननं सांगितलं, "हा काहीही ओढेल." मी वरचं ट्रिम घेतलं, काचेचं छत घेतलं, आपोआप उघडणाऱ्या पायऱ्या घेतल्या. ट्रक आला, पेढे वाटले. पहिल्या ट्रिपला उतारावर ट्रकचं नाक हलकं लागायला लागलं, स्टिअरिंग हातात तरंगतंय असं. पुढच्या ट्रक स्टॉपवर काट्यावर घातला.

त्या काट्याची पावती अजून माझ्याकडे आहे. त्यावर चार ओळी असतात: पुढचा आस, ट्रकचा मागचा आस, ट्रेलरचे आस आणि एकूण. ट्रेलर सोडून ट्रक एकटा पुन्हा काट्यावर घातला आणि ट्रकच्या दोन आसांच्या आधीच्या बेरजेतून आताची बेरीज वजा केली. ट्रेलरची पिन ट्रकवर २,७३० पाउंड टाकत होती. वर हिच १८० पाउंड, मी आणि मामी मिळून ३३०, जनरेटर-हत्यारं १५०. झाले ३,३९०. मग ड्रायव्हरचा दरवाजा उघडून चौकटीवरचं पांढरं-पिवळं स्टिकर टॉर्च लावून वाचलं. माणसं आणि सामान मिळून २,२१० पाउंडांच्या वर जाऊ नये, असं छापलेलं. जवळजवळ बाराशे पाउंड जास्त घेऊन मी डोंगर उतरत होतो, आणि मागच्या सीटवर मामीनं लाडवांचा डबा मांडीवर धरला होता. ट्रक ओढत होता, सेल्समन खोटं बोलला नव्हता. ओढणं वेगळं आणि पाठीवर घेणं, म्हणजे पेलोड, वेगळं, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दीड वर्षात तोट्यात तो ट्रक विकला.

आता तुझं गणित कर. तुझ्या ट्रेलरवर कमाल वजन १४,९०० पाउंड लिहिलंय. साध्या बंपर हिचच्या ट्रेलरचं दहा ते पंधरा टक्के वजन ट्रकवर येतं. तुझ्यासारख्या फिफ्थ व्हीलचं वीस ते पंचवीस टक्के. वीसनं धरलं तरी २,९८०, पंचवीसनं ३,७२५. त्यात तुम्ही दोघं, तुमची छोटी चिंगी, तुझे बाबा, हिच, मागच्या सीटखालचा पसारा. म्हणजे दरवाजाच्या स्टिकरवर ४,५०० च्या आसपास आकडा दिसला पाहिजे. हा आकडा तुला आजच माहीत आहे. त्याला कंपनीच्या घोषणेची गरज नाही. डीलरशी बोलताना हाच आकडा पुढे कर. आणि एवढा पेलोड म्हटला की बहुतेक मागे चार चाकांचा, ड्युअली, घ्यावा लागतो. तू म्हणालास ड्युअली नको, रुंद दिसतो. रुंद आहेच, मागच्या बाजूनं आठ फूट. बँकेच्या ड्राइव्ह-थ्रूत घासेल, कॉफीच्या रांगेत घासेल. तरी पर्याय नसेल तर नाही.

डिझेल इंजिन स्वतःच जड असतं, हेही लक्षात ठेव. त्याच ट्रकात पेट्रोल इंजिन घेतलं तर पेलोड कित्येक शे पाउंड वाढतो. डिझेलचे जास्तीचे पैसे दहा हजार डॉलरच्या घरात जातात, आणि २०१० पासून त्याला युरियाचं पाणीही पाजावं लागतं. धुराच्या नळीतली जाळी मधूनमधून तापवून साफ व्हावी लागते, त्यासाठी लांब पल्ल्याचं चालवणं हवं. रोज पोराला शाळेत सोडून दोन मैलांवरून परत आलास तर ती जाळी तुंबते. तू वर्षभर रॉकीज आणि पॅसिफिकच्या बाजूला फिरणार आहेस म्हणून तुला डिझेल ठीक. तुमच्या मंडळाच्या पथकाचे ढोल गणपतीत परेडला न्यायचे, एवढंच असतं तर मी पेट्रोलच घे म्हणालो असतो.

जाहिरातीतल्या मोठ्या आकड्याला भुलू नकोस. २०१९ ला रॅमनं कमिन्स इंजिनाला १,००० पाउंड-फूट टॉर्क दिला तेव्हा केवढा गवगवा झाला. मग फोर्डचं ५०० अश्वशक्ती आणि १,२०० पाउंड-फूट आलं. पण ते जास्त पैशांच्या ‘हाय आउटपुट’ इंजिनाचे आकडे. साधं डिझेल ४७५ आणि १,०५० चं. ४०,००० पाउंड ओढण्याचा आकडा तर एका ठरावीक बांधणीच्या एफ-४५० चा, गूसनेक ट्रेलर लावून. ‘पर्यंत’ हा शब्द दिसला की समज, तो तुझ्या ट्रकबद्दल नाही.

आणि ॲव्हरेज किती देते, हे विचारलंस ना? आपल्या रक्तातच आहे तो प्रश्न. भाचेबुवा, एकूण वजनमर्यादा ८,५०० पाउंडांवर असलेल्या पिकअपवर सरकारी मायलेजचा आकडा छापावाच लागत नाही. तो आकडा आज नाही, पुढेही येणार नाही. ट्रेलर लावून गॅलनला दहा मैलांच्या आसपास धरून चाल आणि जास्त पडलं तर मला फोन कर.

लायसन्सचं कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. तुमच्या टेक्ससमध्ये ट्रक आणि ट्रेलर यांच्या कमाल वजनमर्यादांची बेरीज २६,००० पाउंडांच्या वर गेली आणि ट्रेलर १०,००० च्या वरचा असला, तर साधं लायसन्स चालत नाही. धंद्यासाठी नसलं तरी क्लास ए लागतं, परीक्षा वेगळी. तुझा ट्रेलर १४,९००. ड्युअलीची मर्यादा १४,००० असली तर बेरीज २८,९००. ट्रकचा आकडा जाहीर झाल्याच्या संध्याकाळीच ही बेरीज कर, आणि ट्रक येईपर्यंतचे महिने परीक्षेच्या तयारीला लाव.

ऑर्डर भरताना दोन गोष्टी वेगळ्या धर: जी नंतर बाहेरून बसवता येते, आणि जी येत नाही. फ्लोअर मॅट, पायऱ्या, बेडचं झाकण, स्टिरिओ, हे सगळं नंतर स्वस्तात होतं. मागच्या आसाचा रेशो, मोठी डिझेल टाकी, दुसरा अल्टरनेटर, कारखान्यातूनच बसवलेली गूसनेक-फिफ्थ व्हीलची तयारी, हे आत्ता घेतलं तर घेतलं. माझ्या ओळखीच्या एकानं आठशे डॉलर वाचवायला ती तयारी सोडली आणि नंतर फ्रेमला भोकं पाडून रेल बसवायला त्याच्या दुप्पट घातले. उलट हिच स्वतः आत्ताच विकत घेऊ नकोस. नव्या मॉडेलच्या बेडमधली खुंट्यांची मांडणी बदललेली असू शकते. डीलरकडे ब्रोशर मागू नकोस, ‘ऑर्डर गाइड’ आणि मिळाली तर ‘टोइंग गाइड’ माग. खरं काय ते त्यात असतं, बारीक टाइपात.

डीलरशी सगळं कागदावर. ठेव परत मिळणार, असं लिहून घे; ट्रकचा अंतिम पेलोड अमुक आकड्याखाली आला तर ऑर्डर रद्द, असंही लिहून घे. तो हसेल. हसू दे. स्टिकरवरच्या किमतीवर वर काही चढवणार नाही, हे वाक्य त्याच्या सहीसकट घे. बाजारात टंचाई आली की तोंडी शब्द वितळतात. आणि विचार, या मॉडेलच्या किती गाड्या तुमच्या वाट्याला आल्यात. वाटा नसेल तर तुझी ऑर्डर नुसती कॉम्प्युटरमध्ये पडून राहते, तोवर पाचशे डॉलर त्यांच्याकडे.

पहिल्या वर्षाचा ट्रक घ्यायचा की दुसऱ्या वर्षाचा, यावर माझं आणि तुझ्या मामीचं अजून भांडण आहे. ती म्हणते नवीन ते नवीन. मी तिला २०१९-२० च्या रॅमचं सांगतो. डिझेलचा हाय प्रेशर पंप त्यांनी नवीन जातीचा घातला, २०२१ च्या मॉडेलला परत जुन्या जातीवर आले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये दोन लाखांवर ट्रक त्या पंपासाठी परत बोलावले. इंजिन तेच, नाव तेच, एक पंप बदलला. म्हणून नव्या मॉडेलात इंजिन जुनंच आणि अंगकाठी नवी असली तर मी फारसा घाबरत नाही; इंधनाच्या यंत्रणेत किंवा गिअरबॉक्समध्ये नवं काही आहे असं कळलं तर सहा महिने थांबायला सांगतो. मामी यावर "तुम्ही लग्नालाही सहा महिने थांबला होतात" म्हणते.

क्रू कॅब आणि आठ फुटी बेड म्हणजे बावीस फूट लांबी, हे लक्षात घे. तुझ्या ड्राइव्हवेवर खडूनं बावीस बाय आठचा चौकोन आख आणि त्याभोवती भाचेसुनेला एक चक्कर मारायला लाव. कचऱ्याचे डबे कुठे ठेवायचे ते ती विचारेल. पावणेसात फुटी बेड घेतलास तर लांबी सव्वा फुटाच्या आसपास कमी होते, पण मग ट्रेलर वळताना कॅबला लागू नये म्हणून सरकता हिच लागतो, आणि तोही वजनाला जड.

पाचशे डॉलर आज ठेवायचे तर ठेव, परतीचं लिहून घेऊन. पण त्याआधी येत्या शनिवारी एक कर. ट्रेलर अजून विकणाऱ्याच्या स्टोरेजमध्ये आहे ना? त्यालाच म्हणावं, तुझ्या ट्रकनं काट्यापर्यंत ओढून दे, डिझेलचे पैसे देतो. रिकामा नको. पाण्याची टाकी भर. साठ गॅलन पाणी म्हणजे पाचशे पाउंड होतात, हे लोक धरतच नाहीत. गॅसचे सिलिंडर, गाद्या, तुझ्या बाबांची पुस्तकांची पेटी, कुकर, आणि माझ्या बहिणीनं सांगलीहून आणलेला पाटा-वरवंटा, सगळं आत ठेव. एकदा जोडून घाल, एकदा त्याचा ट्रक एकटा घाल. दोन्ही पावत्यांचे फोटो मला पाठव. अंधुक आले तर चष्मा लावून बघेन, पण दोन्ही पाठव.

— मामा