क्षमा कोणी करायची, सुटका कोणी?



‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे’ असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद. खुनाच्या कैद्याला शासन सूट देऊ शकते, पण १४ वर्षे तुरुंगात काढल्यावरच. राष्ट्रपती व राज्यपाल यांच्या दयेच्या अधिकाराला मात्र ही मर्यादा नाही. चौदा वर्षे भरली म्हणून सुटका हक्काने मिळत नाही. तिचा विचार व्हावा लागतो.

कशाचा विचार? सर्वोच्च न्यायालयाने २००० साली लक्ष्मण नस्कर खटल्यात कसोट्या सांगितल्या: गुन्ह्याचा आघात सबंध समाजावर झाला का, तो पुन्हा घडण्याचा संभव आहे का, कैद्याची गुन्हा करण्याची क्षमता संपली का, त्याला आत ठेवून काही साधणार आहे का, त्याच्या कुटुंबाची स्थिती काय. ख्रिस्तसभेचे धर्मशिक्षणही (क्र. २२६६) शिक्षेचे हेतू सांगते: बिघडलेली घडी बसवणे, समाजाचे रक्षण आणि गुन्हेगाराची सुधारणा. पोप फ्रान्सिस यांनी जन्मठेपेला छुपा देहदंड म्हटले, कारण तिच्यात आशेला जागा उरत नाही.

पण न्यायालयाच्या त्या कसोट्यांत एक गोष्ट नाही: ज्यांचे माणूस गेले, त्यांचे म्हणणे.

सिस्टर राणी मारिया यांचा २५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशात बसप्रवासात खून झाला. त्यांच्या धाकट्या भगिनी सिस्टर सेल्मी पॉल यांनी तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. त्याला पश्चात्ताप झाला. कुटुंबानेच त्याच्या सुटकेची विनंती केली आणि २००६ साली तो सुटला.

उलट, १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरातमध्ये बिल्किस बानो खटल्यातील ११ कैदी सुटले. आपल्या सुरक्षिततेची कोणी चौकशीही केली नाही, असे त्या म्हणाल्या. खटला महाराष्ट्रात चालला होता, म्हणून हा निर्णय गुजरात शासनाचा नव्हताच, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी ती सुटका रद्द केली.

यातून काय शिकावे? क्षमा दुखावलेल्याने करायची असते. शासन ती त्याच्या वतीने करू शकत नाही. सुटका शासनाने द्यायची असते; सूडाच्या हाती तुरुंगाची किल्ली देता येत नाही. म्हणून कैद्याचा पालट पाहावा, समाजाची सुरक्षितता पाहावी आणि पीडितांचे आधी ऐकावे. दया न्यायाला मोडत नाही, पूर्णत्वास नेते, असे संत थॉमस अक्वायनस शिकवतात. दुखावलेल्याला वगळून दिलेली सूट ही अशी दया नव्हे.

या आठवड्यात कुटुंबप्रार्थनेत कैद्यांची आठवण करू या, आणि खुनाने उजाड झालेल्या घरांचीही.