राजगिरा : न कोमेजणारे नाव

उपास म्हटला की साबुदाण्याच्या खिचडीखालोखाल आठवतो तो राजगिरा. लाडू, वडी, शिरा, पुऱ्या, त्याची रूपे तरी किती! इथल्या अमेरिकन दुकानांत हाच राजगिरा ‘अमरँथ’ नावाने मिळतो. मी डॉक्टर असल्याने ‘हे खाल्लेले चालेल का?’ असे मला नेहमी विचारले जाते. त्याचे उत्तर देण्याआधी थोडे या नावाविषयी.

ग्रीक भाषेत ‘अमारांतोस’ म्हणजे न कोमेजणारे. त्यातला ‘अ’ आपल्या ‘अक्षय’मधल्या ‘अ’सारखाच नकारार्थी. पुढे ‘अँथोस’ म्हणजे फूल या शब्दाशी गल्लत होऊन शेवटी ‘थ’ आला. नाव मात्र सार्थ आहे. या झाडाचे तुरे वाळले तरी त्यांचा रंग बराच काळ टिकतो. आपला लाल माठ याच कुळातला. त्याच्या भाजीने भात गुलाबी होतो, तो याच रंगाने. तांदुळजा आणि काटेमाठ ही त्याचीच भावंडे.

दाण्यासाठी पिकवला जाणारा राजगिरा मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतील अ‍ॅझ्टेक लोक त्याच्या पिठाच्या देवमूर्ती घडवीत आणि पूजेनंतर त्यांचे तुकडे वाटून खात. १५२१ साली स्पॅनिश सत्ता आली, त्या पूजा बंद पाडल्या गेल्या आणि पीकही मागे पडले. तरी ते संपले नाही. मेक्सिकोत आजही त्याच्या लाह्या पाकात घालून वड्या थापतात. त्यांना म्हणतात ‘आलेग्रिया’, म्हणजे आनंद. आपल्या राजगिऱ्याच्या वडीची ही सख्खी बहीणच!

आता आहाराविषयी. १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे १४ ग्रॅम प्रथिने आणि ७ मिलिग्रॅम लोह असते. गहू-तांदळात कमी पडणारे लायसिन यात भरपूर आहे. ग्लुटेन नसल्याने सिलिअक रोग असलेल्यांनाही तो चालतो. फक्त पीठ गव्हाच्या गिरणीतले नाही ना, हे पाहावे.

मात्र ‘उपासाचे’ म्हणजे ‘पथ्याचे’ नव्हे. राजगिऱ्याच्या लाह्या रक्तातील साखर झपाट्याने वाढवतात; त्यात गुळाचा पाक घातला की विचारायलाच नको. मधुमेह असणाऱ्यांनी लाडवांऐवजी राजगिऱ्याचे थालीपीठ दह्याबरोबर, तेही बेताने खावे. उपासाच्या दिवशी गोळ्या किंवा इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नये, आणि उपाशीपोटी नेहमीचा डोसही घेऊ नये. दोन्हींत धोका आहे. आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी माठाची भाजी जपून खावी, कारण तिच्यात ऑक्झलेट बरेच असते. वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी वाढवू किंवा कमी करू नये.

येत्या एकादशीला ताटात राजगिऱ्याची वडी वाढाल, तेव्हा मुलांना या नावाचा अर्थ जरूर सांगा. आपल्या उपासाचा हा दाणा ती राहतात त्याच खंडातून आला आहे, हे ऐकून त्यांना नक्कीच गंमत वाटेल.