एकच ‘ॲडमिन’ सगळ्यांचा

एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यात जा किंवा मार्केट यार्डातल्या पेढीवर. टॅलीत ‘ॲडमिन’ नावाचं एकच खातं असतं आणि त्याचा पासवर्ड अकाउंटंटपासून डिस्पॅचच्या मुलापर्यंत सगळ्यांना पाठ असतो. काम भराभर उरकतं, म्हणून कोणी हरकत घेत नाही. मग एखाद्या दिवशी जुन्या बिलातली रक्कम बदललेली सापडते. बदल कोणी केला, तर ‘ॲडमिन’ने. अशा वेळी पहिला संशय जातो तो सगळ्यात नव्या, सगळ्यात कमी पगाराच्या माणसावर, आणि आपण ते केलेलं नाही हे दाखवायला त्याच्याकडे काहीही नसतं. सामायिक लॉगिन मोडण्याचं माझ्या लेखी हेच सगळ्यात मोठं कारण आहे. नोंदीत आपलं नाव असणं हे काम करणाऱ्याचं संरक्षण आहे, आणि हे काम हाती घेण्याआधी स्टाफला एकत्र बसवून नेमकं एवढंच सांगावं. नाहीतर मालकाने पाळत ठेवायला सुरुवात केली असाच समज होतो.

पहिलं काम यादीचं. टॅली, ई-वे बिल, जीएसटी पोर्टल, ऑफिसचा ईमेल, बँकेचं लॉगिन, विंडोजचे संगणक, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, वायफायचा राउटर. प्रत्येकापुढे लिहायचं: आज कोण कोण वापरतं, आणि ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो. हा दुसरा रकाना भरताना बऱ्याच गोष्टी उघड्या पडतात. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा नंबर अजून कुठेतरी लागलेला निघतो.

यादी झाली की तिचे तीन भाग करा: जिथे प्रत्येकाला वेगळं लॉगिन देता येतं, जिथे सॉफ्टवेअर एकच लॉगिन देतं, आणि जिथे खातं माणसासाठी नसून यंत्रासाठी आहे.

सुरुवात टॅलीपासून करावी, कारण वाद तिथेच होतात. कंपनीच्या माहितीत जाऊन वापरकर्त्यांवरचं नियंत्रण चालू करा, मग भूमिका ठरवा आणि प्रत्येकाच्या खऱ्या नावाने खातं उघडा. ‘अकाउंट१’, ‘अकाउंट२’ अशी नावं देऊ नका; दोन वर्षांनी ‘अकाउंट२’ कोण होतं हे कोणालाच आठवणार नाही. डेटा एंट्रीची भूमिका तयारच मिळते, बहुतेकांना ती पुरते. मालकाच्या अधिकारांचं खातं एक-दोघांकडेच राहू द्या आणि त्यांनीही रोजच्या नोंदी आपल्या साध्या खात्यातूनच कराव्यात. तुमची फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर हा विषय कायद्याशीही येऊन भिडतो. १ एप्रिल २०२३ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षापासून कंपन्यांना हिशेबाचं सॉफ्टवेअर असंच वापरावं लागतं, ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. ऑडिटरला त्यावर अहवालात लिहावं लागतं. पण त्या सगळ्या नोंदींपुढे ‘ॲडमिन’ एवढंच नाव असेल, तर काय बदललं ते कळेल. कोणी बदललं ते कळणार नाही. भागीदारीच्या किंवा एकट्याच्या मालकीच्या पेढीला हा नियम लागू नाही, तरी तिथेही हीच शिस्त मी आग्रहाने सांगेन.

ई-वे बिलाच्या पोर्टलवर उप-वापरकर्ते तयार करण्याची सोय आहे, आणि ती असूनही मुख्य पासवर्ड डिस्पॅचला देऊन ठेवलेला असतो. डिस्पॅचच्या माणसाला त्याच्या स्वतःच्या मोबाइल नंबरवर उप-वापरकर्ता करा आणि त्याला लागतील तेवढेच अधिकार द्या. १ एप्रिल २०२५ पासून या पोर्टलवर सगळ्यांनाच पासवर्डबरोबर ओटीपीही लागतो. एकच लॉगिन असेल तर गाडी गेटवर उभी आणि ओटीपी साहेबांच्या खिशात, अशी गत होते. चुकीचं ई-वे बिल रद्द करायला चोवीस तासच मिळतात, त्यात ते कोणी काढलं हे शोधण्यात अर्धा दिवस घालवणं परवडत नाही.

ईमेलचं तुलनेने सोपं आहे. जीमेलच्या सेटिंगमध्ये आपल्या खात्याचा वापर दुसऱ्याला देण्याची सोय आहे. साध्या खात्यात दहा जणांपर्यंत. ते आपापल्या लॉगिनने येऊन मेल वाचतात, उत्तरं देतात, पण पासवर्ड बदलू शकत नाहीत. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये सामायिक मेलबॉक्स मिळतो, पन्नास जीबीपर्यंत त्याला वेगळं लायसन्स लागत नाही.

आता दुसरा भाग: जीएसटी पोर्टलचं मुख्य लॉगिन, राउटर. इथे खातं एकच राहणार, म्हणून त्याचा एक जबाबदार माणूस ठरवा आणि त्याच्या गैरहजेरीत कोण, तेही ठरवा. पासवर्ड व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर किंवा मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर नको. बिटवॉर्डन किंवा कीपाससारख्या तिजोरीत ठेवा. जिथे ऑथेंटिकेटर ॲपचा कोड चालतो, तिथे क्यूआर कोड पहिल्यांदा दिसतो तेव्हाच तो दोघांच्या फोनमध्ये स्कॅन करून घ्या, म्हणजे एक जण रजेवर गेला तरी काम अडत नाही. शिवाय एक वही: तारीख, वेळ, कोणी लॉगिन केलं, कशासाठी. चार रकाने पुरे. वही जुन्या पद्धतीची वाटेल, पण जिथे सॉफ्टवेअर माणसाचं नाव लिहीत नाही, तिथे ते आपण लिहिलंच पाहिजे. सीएच्या ऑफिसला पासवर्ड दिला असेल तर तिथे तो नेमका कोणाकडे असतो हे विचारून घ्या. यात संकोच करू नये.

दर महिन्याला पासवर्ड बदलायचा का? माझं उत्तर नाही. अमेरिकेतली मानकं ठरवणारी एनआयएसटी ही संस्थाही २०१७ पासून सांगते, की ठरावीक मुदतीने बदल सक्तीचा करू नये. सारखा बदलायला लावला की लोक शेवटचा आकडा तेवढा वाढवतात. बदलायचा तो माहीत असलेला माणूस गेल्यावर किंवा फुटल्याची शंका आल्यावर, आणि तेव्हा मात्र त्याच दिवशी.

गेटवरच्या संगणकाला विंडोजचं एकच खातं राहिलं तरी चालेल, फक्त ते ॲडमिनिस्ट्रेटरचं नसावं आणि आतल्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पाळीच्या माणसाने आपल्या नावाने शिरावं.

यंत्रांची खाती, म्हणजे रात्रीचा बॅकअप किंवा स्कॅन करून मेल पाठवणारं मशीन, यांवर माणसाने कधीच लॉगिन करू नये. त्यांची काळजी कोण घेतं ते यादीत लिहा, बस.

कोणी नोकरी सोडली की त्याचं खातं पुसू नका, बंद करा. ई-वे बिलावर उप-वापरकर्ता गोठवता येतो. त्याच्या नावाच्या जुन्या नोंदी तशाच राहायला हव्यात. दुसऱ्या भागातल्या ज्या खात्यांचे पासवर्ड त्याला माहीत होते, तेवढे बदला आणि ओटीपीचा नंबर तपासा.

महिन्याभराने एक चाचणी घ्या. टॅलीतलं कोणतंही एक अलीकडचं व्हाउचर उघडा आणि कोणालाही न विचारता ते कोणी केलं हे शोधा. अजून ‘ॲडमिन’च दिसत असेल, तर तो जुना पासवर्ड लगेच बदला. दुसऱ्या दिवशी ज्याचं काम अडेल, त्याला अजून स्वतःचं खातं मिळालेलं नाही; ते तिथल्या तिथे उघडून द्या.