ट्रक जागच्या जागी धावतो तेव्हा

उसाच्या हंगामात माधवनगरहून तासगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर थोडा वेळ उभे राहा. उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर तुम्हाला दिसतील. त्यांतला एखादा शेताच्या तोंडाशी चिखलात रुततो. इंजिन घुमते, मागचे चाक गरगर फिरते, पण गाडी तसूभरही सरकत नाही. अशा वेळी इंजिनात दम नाही असे कोणी म्हणत नाही. चाकाला पकड नाही हे शेंबड्या पोरालाही कळते. म्हणून तर पुष्कळ शेतकरी मागच्या टायरांत पाणी भरून घेतात. वजन वाढले की पकड वाढते.

हेच जर चिखलाऐवजी एखाद्या यंत्रावर घडले, तर मात्र जाणतेही फसतात.

इंजिनाची किती शक्ती चाकांपर्यंत पोहोचते, हे मोजण्याचे एक यंत्र असते. त्याला चासी डायनॅमोमीटर म्हणतात. जमिनीत बसवलेल्या पोलादी रोलरवर ट्रकची मागची चाके ठेवायची आणि इंजिन चालू करायचे. चाके रोलरला फिरवतात, रोलरला जोडलेला ब्रेक त्याला अडवतो. रोलरच्या पृष्ठभागावरील बल आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. ट्रक धावतो, पण जागच्या जागी! यात एक मेख आहे. रोलरला इंजिन दिसत नाही. टायर जेवढे हाती देईल, तेवढेच त्याला कळते.

माझ्या ओळखीच्या एका ट्रकमालकाने इंजिन नवे करून घेतले आणि ते अशा यंत्रावर तपासले. आकडा कमी आला. बिचाऱ्याने कर्ज काढून इंजिन पुन्हा उघडले. आत काहीच दोष नव्हता. टायर घसरत होता.

आता थोडे गणित करू. समजा, ३०० अश्वशक्तीच्या इंजिनाकडून चाकांना २०० किलोवॅट शक्ती मिळते. टायरच्या पृष्ठभागाचा वेग सेकंदाला २० मीटर आहे. बल = शक्ती ÷ वेग, म्हणून बल १०,००० न्यूटन. पण टायर घसरत असल्याने रोलरचा वेग १७ मीटरच असला, तर रोलरला मिळाले १७० किलोवॅट. उरलेले ३० किलोवॅट कोठे गेले? टायरच्या उष्णतेत! एक-एक किलोवॅटच्या तीस विजेच्या शेगड्या त्या जागी पेटवल्यासारखे झाले. रबराचा वास येतो तो उगाच नव्हे.

घसरण ओळखण्याची सोपी युक्ती आहे. एकाच गियरमध्ये हलक्या भारावर इंजिनाच्या फेऱ्या आणि रोलरच्या फेऱ्या यांचे गुणोत्तर काढायचे. पूर्ण भारावर तेच पुन्हा काढायचे. रबर ताणले जात असल्याने एखाद-दुसऱ्या टक्क्याचा फरक राहतोच. त्याहून बराच जास्त फरक पडला, तर आकड्यावर विश्वास ठेवू नये.

घसरण टाळायची कशी? रिकाम्या ट्रकच्या मागच्या चाकांवर ३ टन भार, म्हणजे सुमारे ३०,००० न्यूटन, आणि रबर व पोलाद यांचा घर्षणगुणांक ०.५ धरू. (रबर हा नियम काटेकोरपणे पाळत नाही, पण अंदाजाला पुरे.) टायर जास्तीत जास्त १५,००० न्यूटन बल देऊ शकेल. आता खालच्या गियरमध्ये वेग सेकंदाला ५ मीटर असेल, तर २०० किलोवॅटसाठी बल लागेल ४०,००० न्यूटन. टायर घसरणारच! वरच्या गियरमध्ये २० मीटर वेगाला १०,००० न्यूटन पुरतात. शक्ती तीच, पकडीची गरज मात्र चौथाई. म्हणून पहिला उपाय म्हणजे वरचा गियर, आणि तो फुकट आहे. तरी ॲक्सिलरेटर हळूहळूच दाबावा; डिझेल इंजिनाचा जोर कमी फेऱ्यांवरच जास्त असतो.

दुसरा उपाय मला फार आवडतो. चाके रोलरला मागे ढकलतात, तेव्हा रोलर ट्रकला पुढे ढकलतो. ट्रक उडी मारू नये म्हणून त्याला मागून पट्ट्यांनी बांधावेच लागते. हे पट्टे मागच्या धुरेपासून तिरके, ४५ अंशांत, मागे जमिनीतील कड्यांना बांधले तर? पट्ट्यांचा आडवा ओढा F असेल, तर खालचा ओढाही F च होतो. म्हणजे चाकांवरील दाब ३०,००० + F. घसरण टाळण्याची अट अशी: F हे ०.५ × (३०,००० + F) पेक्षा जास्त नसावे. सोडवून पाहा. F ची मर्यादा १५,००० वरून ३०,००० न्यूटनवर गेली! ट्रक जितका जोर करील, तितकाच तो स्वतःला रोलरवर दाबून घेईल. हेच पट्टे आडवे बांधले, तर ट्रक जागेवर राहील, पण पकड रतीभरही वाढणार नाही. पट्टे धुरेलाच बांधावेत. चासीला बांधले तर मध्ये स्प्रिंगा येतात आणि गाडी नाचू लागते.

मात्र पट्टे वाटेल तेवढे आवळू नयेत. रोलरच्या गोलाईवर टायर जास्त चेपला जातो, तापतो आणि शक्ती खातो. आकडा पुन्हा खोटा. काही जण पकडीसाठी टायरमधली हवा कमी करतात, तेही याच कारणाने चुकीचे आणि शिवाय धोक्याचे. पावसातून आलेला टायर आधी कोरडा करावा, खाचांतील खडे काढावेत, आणि चाकांच्या रेषेत कोणीही उभे राहू नये.

टायरची ही कटकटच नको असेल, तर चाके काढून यंत्र थेट धुरेच्या टोकाला जोडतात, किंवा इंजिनच बाहेर काढून तपासतात. १९६६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थांत अवजड वाहनांच्या इंजिनांच्या धुराची चाचणी अशी सुट्या इंजिनावर होते. तेथे टायरचा प्रश्नच येत नाही.

आता तुमच्यासाठी एक गणित. पट्टे जमिनीशी ३० अंशांचा कोन करीत असतील, तर F ची मर्यादा किती? (उत्तर: सुमारे २१,००० न्यूटन.) आणि कोन ६४ अंश केला तर समीकरण काय सांगते, आणि प्रत्यक्षात त्याआधी काय तुटेल, हे आपल्या शिक्षकांशी बोलून ठरवा.