जवारी : कानस आणि कान

शेगावहून महाराष्ट्र एक्सप्रेस पकडली की गाडी न बदलता मिरज येतं. ते माझं गाव. 'मी मिरजेची' म्हटलं की होस्टेलवर पहिला प्रश्न हॉस्पिटलचा, दुसरा जंक्शनचा. तंबोऱ्याबद्दल कुणीच विचारत नाही, म्हणून हा लेख. (शाळा कॉन्व्हेंट, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.)

मिरजेत तंतुवाद्यं करणारी घराणी मूळची शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार आणि पॉलिश करणारी. तलवारींचा काळ संपत आला तसं काम आटलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब हे वाद्यांकडे वळले, पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला आणि आडनावच सतारमेकर होऊन गेलं. म्हणजे मार्केट बदललं तशी या माणसांनी ब्रांच बदलली! २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

तंबोऱ्याचा भोपळा भाजीचा नव्हे, कडू. तो पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतो. वाळलेला भोपळा पाण्यात भिजवून मऊ करतात, मग कापून आतून साफ करतात. त्यावर तूण लाकडाची तबली आणि पोकळ दांडी बसते. हे सगळं बघून बघून येतं. चार-पाच वर्षं कारखान्यात बसलं की हात बसतो.

अडतं ते घोडीपाशी. व्हायोलिनची घोडी वर अरुंद असते, तार एका धारेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि वरून किंचित उतरती. तार तिच्यावर टेकते न टेकते अशी असते आणि खाली सुताचा एक धागा सरकवतात. घोडीचा हा उतार कानशीने आणि पॉलिश पेपरने घासून जमवणं म्हणजे जवारी लावणं. जमली तर आवाज गोल होऊन घुमतो, नाहीतर नुसतंच टणटण.

आता आपल्या अभ्यासातलं. फिजिक्सचा एक जुना नियम आहे : तार ज्या बिंदूवर छेडाल तिथे ज्या हार्मोनिकचा नोड असेल तो हार्मोनिक ऐकू येणार नाही. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणेबद्दल लिहिलं की इथे तसं होत नाही, ते हार्मोनिकही जोरात ऐकू येतात. कारण तार कंप पावताना घोडीच्या उताराला पुन्हा पुन्हा भिडते आणि वरचे हार्मोनिक जागे होत राहतात. नोबेलच्या नऊ वर्षं आधीची ही गोष्ट. मला ती सिलॅबसमध्ये भेटली नाही, लायब्ररीत भेटली.

आमच्या शेजारच्या चाचांना हे सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, "बेटा, ते बरोबर असेल, पण कुठं थांबायचं ते लिहिलंय का त्यात?" खरंच नाही. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये आपण फिटिंगचा जॉब घासतो तेव्हा ट्राय-स्क्वेअर लावून बघता येतं. जवारीला गेज नाही. दोन हात घासायचं, तार चढवायची, ऐकायचं, परत उतरवायची. एक हात जास्त झाला की सगळा उतार पहिल्यापासून. आणि प्रत्येक तारेची जागा वेगळी : खर्जाची पितळी तार जाड, जोडाच्या पोलादी तारा बारीक.

चाचांचा मोठा मुलगा पुण्यात नोकरीला आहे, धाकट्याला तबली बसवता येते पण जवारीला अजून वडीलच लागतात. चाचांना आता एका कानाने कमी ऐकू येतं. घरात यावर कुणी बोलत नाही. मोबाईलवर तंबोरा फुकट वाजतो, त्याला जवारी लागत नाही, तेव्हा धाकट्याने आणखी दहा वर्षं का बसावं, हे मला त्याला सांगता आलेलं नाही. मी स्वतः कॅम्पसची तयारी करतेय, मी कुठल्या तोंडाने सांगू?

आपल्या गॅदरिंगच्या तंबोऱ्याचा आवाज मुका वाटला तर तारेखालचा धागा केसभर पुढेमागे सरकवून बघा, बहुतेक वेळा तेवढ्याने सुटतो. घोडीला मात्र कानस लावू नका. ते काम चाचांकडे.