घरचा संगणक परदेशी नेताना

पनवेलहून परमुलखी जाणारी माणसे आता पुष्कळ झाली. कोणी दुबईस जातो, कोणी मस्कतला, कोणी अमेरिकेस. लोणची-पापडांची बांधाबांध होते. मग प्रश्न पडतो, घरचा संगणक न्यावा की ठेवावा?

लॅपटॉप असेल तर अडचण नाही. तो हातातल्या पिशवीत जातो. टेबलावरच्या संगणकाचे तसे नाही. त्याचा डबाच सात-आठ किलो भरतो. पडदा निराळा.

पण वजनाआधी वीज पहा. आपल्या घरात २३० व्होल्टची वीज येते. दुबईतही तेवढीच. तिथल्या प्लगचे पाय मात्र गोल नसून चपटे, चौकोनी असतात. अडॅप्टर घेतला की झाले. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, म्हणजे जवळजवळ निम्मी. ती आपल्या संगणकाला मानवेल का? हे कोणाला विचारायला नको. डब्याला जिथे वायर जोडतात, तिथे किंवा आतल्या वीजपेटीवर चिठ्ठी असते. ती वाचा. आकडे इंग्रजी असतात, पण ते तर आपण बसच्या पाटीवरही ओळखतो! १०० ते २४० असे लिहिले असेल, तर दोन्हीकडे चालेल.

काही जुन्या डब्यांना मागे लहानसा लाल खटका असतो. त्यावर ११५ आणि २३० हे आकडे असतात. अमेरिकेत तो २३० वर राहिला, तर संगणक सुरू होत नाही, एवढेच. पण तिथे ११५ वर केलेला खटका तसाच ठेवून पनवेलला वायर जोडली, तर वीजपेटी जळते. आधी खटका, मग वायर.

आम्हाला विचाराल तर जुना डबा इथेच ठेवावा. डबा तिकडेही विकत मिळतो. मुलांचे फोटो, आजीचा आवाज, जमिनीच्या कागदांच्या नकला आतल्या हार्ड डिस्कमध्ये असतात. त्या कुठून आणणार? दुसऱ्या डिस्कवर सगळे उतरवून घ्या. एक डिस्क घरच्या कपाटात ठेवा, एक हातच्या पिशवीत. डबा नेणारच असाल, तर कारागिराकडून डिस्क काढून घ्या. विमानतळावर बॅगा कशा आदळतात, ते सांगायला नको.

आणखी एक. डबा परत आणायचा असेल, तर निघतानाच विमानतळावरच्या कस्टमकडून तो आपला असल्याचा दाखला घ्यावा. नाहीतर येताना जकात मागतील. दाखल्यावर संगणकाचा नंबर बरोबर उतरला आहे ना, ते खिडकीपासून हलण्यापूर्वी वाचून पहा.